बाग दुपारी गेली

जावई: नाही, नाही, परत त्या मुलीकडे जोडू नका. तिने मला तीनदा फिरवलंय. तक्रारीसाठी दोन दाबा, दोन दाबलं की सूचनांसाठी चार दाबा, चार दाबलं की कार्यालय सोमवारी उघडेल. तुम्ही माणूस आहात ना?

ड्यूटी ऑफिसर: हो, माणूसच आहे. नमस्कार. राष्ट्रीय संवादवाहिनी, ड्यूटी ऑफिसर बोलतेय. आपली तक्रार—

जावई: तक्रार नाही. एक विचारायचंय. बाग कुठे गेली?

ड्यूटी ऑफिसर: कुठली बाग?

जावई: तुमची. रविवारची. साडेनऊला तो माळी येतो, खतांबद्दल बोलतो, तो.

ड्यूटी ऑफिसर: ‘घरची बाग’ म्हणताय का आपण? तो कार्यक्रम आजपासून दुपारी अडीचला गेलाय.

जावई: कोणी नेला?

ड्यूटी ऑफिसर: कार्यक्रम समितीने ठरवलं. रविवारच्या सगळ्याच वेळा बदलल्यात आजपासून.

जावई: मग समितीला सांगा, परत सकाळी आणा म्हणून.

ड्यूटी ऑफिसर: आपण लेखी कळवा ना. ईमेलचा पत्ता देते. समितीची बैठक दर मंगळवारी असते.

जावई: मंगळवारी माझं काम भागणार नाही. आत्ता दहा वाजून गेलेत. मला दहा मिनिटांत बाग पाहिजे.

ड्यूटी ऑफिसर: दहा मिनिटांत?

जावई: फार तर पंधरा. थांबा हं. काय आई?

सासूबाई: लागली का बाग?

जावई: नाही लागली! रेडिओ तुमच्या उशाशी आहे ना, ऐकू येतंय ना तुम्हाला?

सासूबाई: येतंय की. चौघं जण भांडतायत. लागली की सांगा.

जावई: ऐकलंत? हे असं चाललंय साडेनऊपासून.

ड्यूटी ऑफिसर: त्या आजींना कार्यक्रम ऐकायचाय का? तर दुपारी अडीचला—

जावई: बाई, माझं ऐकून घ्या. या माझ्या सासूबाई. शहाऐंशी वय. अंथरुणात आहेत, डोळ्यांनी दिसत नाही म्हटलं तरी चालेल. साखरेचा आजार. सकाळी सुई द्यायची आणि सुई दिली की अर्ध्या तासाच्या आत पोटात काहीतरी गेलंच पाहिजे. मी पावणेदहाच्या आधी सुई दिलीय. आणि त्या खात नाहीत. बाग लागल्याशिवाय खाणार नाही म्हणतात.

ड्यूटी ऑफिसर: अहो, मग सुई दिलीतच का आधी?

जावई: कारण चिंतन संपलं!

ड्यूटी ऑफिसर: म्हणजे?

जावई: म्हणजे तुमचं ते सकाळचं चिंतन. एक जण येतो, हळू आवाजात सांगतो की माणसाने राग धरू नये. ते संपलं की सुई. बाग लागली की खाणं. मुलांची गोष्ट लागली की तोंड पुसायचं, कूस बदलायची. प्रश्नमंजुषेला पांढरी गोळी. नाटकाला झोप. कपाटाच्या दाराला आतून कागद लावलाय तसा.

ड्यूटी ऑफिसर: इंजेक्शनच्या वेळा आमच्या कार्यक्रमांवर लावल्यात?

जावई: मी नाही लावल्या. हिने लावल्या. माझ्या बायकोने. सोमवार ते शनिवार सिस्टरबाई येतात, त्यांच्यासाठी घड्याळाच्या वेळा लिहिल्यात. रविवारी सिस्टरबाईंना सुट्टी, रविवार मायलेकींचा. त्या रकान्यात आकडा एकसुद्धा नाही.

ड्यूटी ऑफिसर: मग त्या कुठे आहेत आत्ता? त्यांना द्या ना फोन.

जावई: ती नाही. चार महिने झाले.

ड्यूटी ऑफिसर: अरेरे. सॉरी. मला माहीत नव्हतं.

जावई: तुम्हाला कुठून माहीत असणार? रेडिओवर थोडंच सांगितलं. ते राहू द्या. बागेचं काय करताय?

ड्यूटी ऑफिसर: काका, खरं सांगू का, डॉक्टरांना फोन करा तुम्ही. हे आमच्या हातातलं नाही.

जावई: सिस्टरबाईंना केला. त्या गावाला जायच्या गाडीत आहेत. म्हणाल्या, दर दहा मिनिटांनी मशीनवर साखर बघा. सत्तरच्या खाली गेली की वाट बघू नका, उचला आणि दवाखान्यात न्या. मगाशी एकशे चार होती. आत्ता एक्याऐंशी.

ड्यूटी ऑफिसर: निदान साखरपाणी द्या.

जावई: दातावर दात धरून बसल्यात. चमचा नेला की तोंड भिंतीकडे. लहान मूल असतं तर नाक दाबलं असतं. सासूचं नाक कसं दाबू?

ड्यूटी ऑफिसर: आमचे जुने भाग मोबाइलवर ऐकता येतात. ते ॲप आहे ना, त्यात—

जावई: लावला. मला काय तेवढंही कळत नाही? लावला तर म्हणतात, हा शिळा आहे, हा गेल्या महिन्यातला, टोमॅटोवरची कीड झाली ऐकून. दुसरा लावला. म्हणाल्या, यात तो कुंडीला खालून भोक पाडायला सांगणार. तेवढ्यात त्याने सांगितलंच.

ड्यूटी ऑफिसर: स्मरणशक्ती चांगली आहे.

जावई: तेच तर आमचं मरण आहे. बाई, तुमच्याकडे आजचा भाग तयार असेल ना? कॉम्प्युटरवर? लावून टाका. चाळीस मिनिटांचा तर आहे.

ड्यूटी ऑफिसर: असा कसा लावू? देशभर ऐकतात लोक. आत्ता महागाईवरची चर्चा चालू आहे, साडेदहाला विज्ञानाची पंधरा मिनिटं, आज मधमाश्यांवर आहेत, मग मुलांची गोष्ट, मग अकराला बातम्या. एका घरासाठी ते सगळं थांबवता येत नाही.

जावई: का नाही? मी लिफ्टचं काम करतो. तेहेतीस वर्षं झाली. चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये एक माणूस अडकला तर मी अख्ख्या बिल्डिंगची लिफ्ट बंद ठेवतो. एका माणसासाठी. कोणी तक्रार करत नाही.

ड्यूटी ऑफिसर: करत असतील.

जावई: करतात. मी ऐकत नाही.

ड्यूटी ऑफिसर: मला ऐकावी लागते, काका. रविवारी इथे मी एकटी असते. वर साहेब आहेत, त्यांच्या वर समिती आहे. मी एक मिनिट इकडचं तिकडं केलं तर उद्या लेखी खुलासा द्यावा लागतो.

जावई: आणि इथे सत्तरच्या खाली गेली तर मी कोणाला खुलासा देऊ?

सासूबाई: जावईबापू, कोणावर ओरडताय एवढं?

जावई: रेडिओवर!

सासूबाई: मग मोठ्याने ओरडा. त्यांना लांब आहे.

जावई: बघा. मस्करी सुचतेय. मला घाम फुटलाय आणि यांना मस्करी सुचतेय.

ड्यूटी ऑफिसर: काका, एक विचारू? आम्ही चार रविवार सूचना देत होतो. चिंतन संपलं की लगेच. बाग दुपारी जाणार, श्रोत्यांनी नोंद घ्यावी. तुम्ही ऐकली नाहीत?

जावई: मी त्या वेळी स्वयंपाकघरात असतो. ओट्स ढवळत. ते ढवळायचं सोडलं की लगेच खाली लागतात, हे मला चार महिन्यांत समजलं. आणि मी तुमचं काही ऐकत नाही, स्पष्टच सांगतो. मला ते सहन होत नाही. सकाळी उठल्यापासून बोलणं, बोलणं, बोलणं. एक जण राग धरू नका म्हणतो, दुसरा खत घाला म्हणतो, मग कोणी वारलेल्या शास्त्रज्ञाबद्दल, मग पोरांसाठी सशाचं काहीतरी, मग कोड्यात पाडणारे प्रश्न, मग नाटकात बाई रडते. मध्ये एक गाणं लावाल तर शपथ. हिला आवडायचं. मी रविवारी कामावर गेलेलो असायचो, मला त्रास नव्हता.

ड्यूटी ऑफिसर: मग तुम्ही लावताच कशाला?

जावई: कागदावर आहे म्हणून.

ड्यूटी ऑफिसर: बरं. पण तुम्ही ऐकली नसेल सूचना, आजींनी तर ऐकली असेल ना? त्या रेडिओजवळच असतात.

जावई: त्यांच्या लक्षात राहत नसेल.

ड्यूटी ऑफिसर: टोमॅटोची कीड लक्षात राहते, आणि हे राहत नाही?

जावई: तुम्हाला काय म्हणायचंय?

ड्यूटी ऑफिसर: काही नाही. मला दोन मिनिटं त्यांच्याशी बोलू द्या. स्पीकरवर ठेवा फोन. आणि रेडिओ जरा बारीक करा, नाहीतर माझं बोलणं त्यांना ऐकू येणार नाही.

जावई: घ्या. बोला. तुमचं तरी ऐकतात का बघू. आई, फोन आहे. रेडिओवाल्या बाई आहेत.

(फोन स्पीकरवर. रेडिओ बारीक, पण चालूच.)

ड्यूटी ऑफिसर: नमस्कार आजी. मी संवादवाहिनीतून बोलतेय.

सासूबाई: ओळखला आवाज. रात्री समुद्राचं हवामान तुम्हीच सांगता ना?

ड्यूटी ऑफिसर: हो, कधीकधी मीच असते.

सासूबाई: लाटांची उंची सांगताना घाई करता तुम्ही. होडीवाल्यांनी लिहून घ्यायचं कधी?

ड्यूटी ऑफिसर: बरं आजी, यापुढे सावकाश सांगेन. आजी, ‘घरची बाग’ आजपासून दुपारी—

सासूबाई: अडीचला. माहीत आहे.

जावई: काय?

सासूबाई: चार रविवार सांगतायत त्या. अडीचला बाग, त्याच्यानंतर पत्रं, त्याच्यानंतर नाटक. नाटक अर्धा तास उशिरा गेलं, ते मला पसंत नाही, पण मला कोण विचारतंय?

जावई: तुम्हाला माहीत होतं?

सासूबाई: होतं.

जावई: मग सकाळपासून माझा जीव का खाताय? मी यांच्यावर ओरडतोय, त्या मुलीवर ओरडलो, गाडीत बसलेल्या सिस्टरबाईंना त्रास दिला! दोन जुने भाग लावून दाखवले! ‘लागली का बाग, लागली का बाग’, काय चाललंय हे?

सासूबाई: बाई, तुम्ही ठेवा फोन. आमचं घरचं आहे.

ड्यूटी ऑफिसर: आजी, पण तुम्ही खाल ना?

सासूबाई: बघते. तुम्ही तुमच्या घोषणेला जा. चर्चा संपत आली, तो जाड आवाजाचा आता ‘थोडक्यात सांगायचं तर’ म्हणाला.

ड्यूटी ऑफिसर: अगं बाई, खरंच की! काका, मला जावं लागेल. मी अकराच्या बातम्यांनंतर फोन करते. नंबर आलाय माझ्याकडे. त्यांना काहीतरी द्या हो पोटात.

जावई: बाई, थांबा जरा… ठेवला. ठेवला फोन. बोट द्या इकडे.

सासूबाई: परत टोचणार?

जावई: टोचणार. दहा मिनिटं झाली. चौऱ्याहत्तर. आई, चौऱ्याहत्तर! हाताला घाम आलाय तुमच्या. चक्कर येतेय का?

सासूबाई: थोडी. गाडीत बसल्यासारखं होतंय.

जावई: तोंड उघडा.

सासूबाई: तोंड उघडलं की मी बोलणार. मग तुम्हीच म्हणाल, मिटा.

जावई: नंतर बोला. आधी हा चमचा.

सासूबाई: चार महिने नंतरच चाललंय. तुम्ही वाटी माझ्या हातात देता आणि दाराशी जाऊन उभे राहता. मला दिसत नाही, पण तिथली फळी वाजते. मी संपवली की वाटी उचलता. ‘झालं का आई?’ ‘झालं.’ तुमचं माझं बोलणं एवढंच. लिफ्टच्या मशीनला तेल तरी बोटाने लावत असाल.

जावई: मला बोलता येत नाही. तुम्हाला माहीत आहे. बोलायचं काम तिचं होतं.

सासूबाई: म्हणून तुम्ही ते रेडिओला दिलंत.

जावई: बरं, दिलं. चुकलं. आता मला शिव्या द्या पाहिजे तर, पण खा. चिडून उपाशी राहायचं असेल तर सुईच्या आधी सांगायचं. मी सुई दिली नसती.

सासूबाई: चिडून नाही हो. मला आज गिळवत नाही. रोज सांगत नाही मी, आजच सांगते. रविवारी तो माळी बोलत असला की मी त्याच्या आवाजात भराभर गिळून टाकते. आठ मिनिटांत वाटी संपवते, बघितलंय तुम्ही. दुसरं काही ऐकू येऊ देत नाही. आज तो नव्हता. ही चौघं एकमेकांना बोलू देत नव्हती, मग मधेच सगळी गप्प व्हायची. तेवढ्यात तुम्ही चमचा वाटीला लावलात. आणि मला तो आवाज आला.

जावई: कसला?

सासूबाई: चमच्याचा. त्या दिवशी चमचा वाटीवर वाजत होता. टकटक, टकटक. तिचा हात थरथरत होता.

जावई: कोणत्या दिवशी?

सासूबाई: त्याच दिवशी. आणखी कोणत्या?

जावई: त्या दिवशी ती बरी होती. तुम्हीच सांगितलंत. दुपारपर्यंत बरी होती, मग जरा पडते म्हणाली आणि… डॉक्टरांनाही तसंच सांगितलंत.

सासूबाई: तसंच सांगितलं. खरं तसं नव्हतं.

जावई: मग कसं होतं?

सासूबाई: बाग लागली तेव्हाच तिला दुखायला लागलं होतं. म्हणाली, छातीत भरून आल्यासारखं झालंय, आई. मी म्हटलं, जा, पड जरा. तर म्हणाली, सुई दिलीय तुला. आधी तुझं होऊ दे.

जावई: पुढे?

सासूबाई: पुढे काय? ती भरवत होती आणि मी त्या माळ्याशी भांडत होते. तो सांगत होता गुलाब थंडीत छाटा. मी म्हणत होते, थंडीत छाटायचा नसतो गुलाब, या माणसाने कधी गुलाब लावलाय का? तिसऱ्या मजल्यावर राहून. एक कुंडी नाही घरात. घास तोंडात धरायचा आणि बोलत बसायचं. ती म्हणायची, आई, गिळ. आई, गिळ ना. चमचा वाटीवर वाजत होता. आणि मी तिला म्हटलं, एवढी घाई कसली आहे गं तुला?

सासूबाई: जावईबापू? आहात ना?

जावई: आहे.

सासूबाई: फळी वाजली नाही म्हणून विचारलं.

जावई: किती वेळ?

सासूबाई: बाग संपेपर्यंत.

जावई: चाळीस मिनिटं.

सासूबाई: हो. मग तिने वाटी धुतली. धुतली, पालथी घातली, तो आवाज ऐकला मी. म्हणाली, जरा पडते. मुलांची गोष्ट लागली. कूस बदलायला आली नाही. मला वाटलं, डोळा लागला असेल. म्हटलं, झोपू दे, एक रविवार कूस नाही बदलली तर काय होतंय? हाक नाही मारली. बातम्या झाल्या. प्रश्नमंजुषेत तुम्ही आलात.

जावई: चार महिने हे तुम्ही पोटात ठेवलंत? मी त्या डॉक्टरांच्या अंगावर गेलो होतो. ‘अशी धडधाकट बाई दुपारी झोपते आणि उठत नाही, असं कसं होतं?’ मी त्यांना खोटारडे म्हटलं. लोकांसमोर. आणि तुम्ही इथे पडून… एक शब्द नाही!

सासूबाई: कसा बोलू? जावयाच्या घरात आहे मी. लेक होती तोवर लेकीचं घर होतं.

जावई: असलं काही बोलू नका.

सासूबाई: बोलते, कारण तेच खरं आहे. तुम्ही मला ठेवलंत. माझ्या मुलाने चार महिन्यांत दोन फोन केले, तुम्ही रोज माझी चादर बदलता. जिने तुमची बायको नेली तिची चादर. म्हटलं, सांगितलं तर तुम्ही उद्या मला कुठेतरी नेऊन ठेवाल. आणि नाही सांगितलं तर तुमच्या हातचं गिळवत नाही. आज ठरवलं होतं, नाही खायचं. पण तसं तोंडाने सांगवेना. मग म्हटलं, बाग लागू दे.

जावई: बोट द्या.

सासूबाई: राहू द्या आता.

जावई: बोट द्या म्हणतो ना! एकाहत्तर. अजून दोन आकडे खाली गेलात तर मी तुम्हाला पाठीवर घेऊन तीन जिने उतरणार आहे. या बिल्डिंगला लिफ्ट नाही. लिफ्टवाल्याच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही, हिने आयुष्यभर टोमणे मारले मला त्यावरून.

सासूबाई: माझ्यापुढेही मारायची.

जावई: मग ऐका. मला राग आलाय. खूप आलाय. तो चिंतनवाला काय म्हणायचं ते म्हणू दे. पण ती दुखणं सोसून थांबली कशासाठी? तुमच्या पोटात जावं म्हणून. सुई दिली होती म्हणून. आता तुम्ही नाही खाल्लंत, तर ती उगाच थांबली. चाळीस मिनिटं उगाच. कळतंय का? ते मला नाही सहन व्हायचं. तोंड उघडा.

सासूबाई: गार झालंय.

जावई: तुमच्यामुळे. गिळा.

सासूबाई: लगदा झालाय नुसता.

जावई: तोही तुमच्यामुळे. आणखी एक. गिळलंत का? दाखवा. हां. साखर घातलीय यात दोन चमचे, आज चालतंय.

सासूबाई: तुम्ही बसलात वाटतं.

जावई: बसलो. स्टूल आहे तिचं. उंच आहे हे माझ्यासाठी, गुडघे मुडपता येत नाहीत.

सासूबाई: तिला बरोबर व्हायचं. आता काय चाललंय रेडिओवर? बारीक आहे, मला नीट ऐकू येत नाही.

जावई: मधमाश्या. म्हणतोय, एक माशी एका दिवसात इतक्या फुलांवर जाते, तितक्या फुलांवर जाते. मोजायला कोण बसतं कोणास ठाऊक. घ्या.

सासूबाई: तुमची वाटी कुठे आहे?

जावई: मी नंतर खाईन.

सासूबाई: नंतर म्हणजे उभ्याने. भांड्यातूनच. मला ऐकू येतं. घेऊन या, नाहीतर मी पुढचा घास घेत नाही.

जावई: आता पुन्हा सुरू करू नका, आई.

सासूबाई: आणा म्हणते ना.

जावई: आणली. ही बघा. बघा म्हणजे… ही वाजवली. झालं समाधान? एक तुम्ही, एक मी. चला.

सासूबाई: हं.

जावई: जरा डोळे स्थिर वाटतायत आता. पाच मिनिटांनी परत बोट बघतो. आई?

सासूबाई: काय?

जावई: तुम्ही सांगितलंत म्हणून सांगतो. नाहीतर सांगणार नव्हतो. कोणालाच.

सासूबाई: सांगा.

जावई: त्या दिवशी मला फोन आला होता तिचा. दहा वाजून पाच मिनिटांनी. मी सगळ्यांना म्हटलं की फोन खाली हत्यारांच्या पेटीत राहिला होता. नव्हता राहिला. खिशात होता. मी वर मशीनच्या खोलीत होतो, हात ग्रीसचे होते, तरी काढून बघितला. नाव बघितलं. मला वाटलं, येताना पाव आण म्हणून सांगत असेल. म्हटलं, खाली उतरलो की करतो. मग उतरलो तर दुसऱ्या लिफ्टचं दार अडकलं होतं. ते करत बसलो. दहा मिनिटांवर होतो मी घरापासून. चालत दहा मिनिटं.

सासूबाई: पावासाठीच केला होता.

जावई: तुम्हाला काय माहीत?

सासूबाई: मी समोरच होते की. मला भरवतानाच लावला तिने. म्हणाली, यांना पाव सांगायचा राहिला.

जावई: त्या दिवशी पाव होता घरात. कामावर जाण्याआधी मीच आणून ठेवला होता.

सासूबाई: मग कांदे असतील. खा तुम्ही.